वहिनी फोनवर बोलत नाहीत

नवीन यंत्र दिसलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आमच्या घरात आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. घरातले दिवे मी बोलून लागणारे करून घेतले आहेत. 'दिवा लाव' म्हटलं की लागतो. म्हणजे लागायला हवा. माझं तो ऐकत नाही, बायकोचं ऐकतो, आणि बायको मुद्दाम उठून भिंतीवरचं बटण दाबते. "बटणाची मनधरणी करावी लागत नाही," असं तिचं म्हणणं. रत्नागिरीत वारा जरा जोरात सुटला की वीज जाते, आणि परत येते तेव्हा आमचे दिवे स्वतःचं नाव विसरलेले असतात. मग मी स्टुलावर चढून एकेका दिव्याला त्याची ओळख करून देत बसतो. बायको खाली स्टूल धरून उभी राहते आणि एक शब्द बोलत नाही. तिचं ते न बोलणं मला फार लागतं.

नोकरीला मी आंबा-काजू बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेत आहे. कलमं, खतं, फवारणीची औषधं, आंब्याच्या पेट्या असा आमचा कारभार. माझ्या नावापुढे 'लिपिक' असं लिहिलेलं असलं तरी ज्या वस्तूला वायर आहे ती फिरून फिरून माझ्याकडेच येते. प्रिंटरने कागद गिळला, मला हाक. पंखा घरघरला, मला हाक. एकदा चेअरमनांच्या कानात दडा बसला तेव्हाही त्यांनी डॉक्टरांच्या आधी मला विचारलं, कारण ते कानात यंत्र लावतात. मला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. वाय-फायचा पासवर्ड मी चांगला अवघड ठेवला होता. चेअरमनांनी तो बदलून आपल्या कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा केला. आता तो खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही पाठ आहे. दसऱ्याला आम्ही सगळ्या संगणकांची यथासांग पूजा करतो, आणि पुढे दिवाळीपर्यंत कीबोर्डातून झेंडूच्या पाकळ्या निघत राहतात.

या ऑफिसात एक गोष्ट मात्र माझ्या मदतीशिवाय उत्तम चालायची. वहिनी आणि त्यांचा फोन.

वहिनी म्हणजे आमच्या आवक-जावकच्या बाई. नेमक्या कुणाच्या वहिनी ते आता कुणालाच सांगता येणार नाही. शिपाई त्यांना वहिनी म्हणतो आणि चेअरमनही वहिनीच म्हणतात. संस्थेचा एकुलता एक लँडलाइन फोन त्यांच्या टेबलावर. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरायचा आणि दोन्ही हातांनी टपालावर शिक्के मारत बोलायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या भागात फोनवर कुणी कामाचं आधी बोलत नाही. आधी तब्येत, मग मोहोर कितपत आलाय, मग शेजारच्या बागेत कितपत आलाय, मग कुणाच्या सुनेला काय झालं, आणि फोन ठेवता ठेवता, "बरं, ते तुडतुड्यावरचं औषध आलंय काय?" वहिनी हे सगळं ऐकून घ्यायच्या. मागच्या फोनमध्ये गुडघा दुखत होता तो कुठला, डावा की उजवा, हेसुद्धा त्यांना आठवायचं. एक फोन म्हणजे बटाट्याची भाजी शिजून वर कोथिंबीर घालण्याएवढा वेळ. तेवढा वेळ लाइन एंगेज. मला हे बघवत नसे.

वहिनींच्या फोनवरच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण म्हणजे पावसच्या बाई. या निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही. पावसला स्वतःची हापूसची बाग आहे, ती बघतात. वीसेक वर्षं दोघी फोनवर बोलत होत्या आणि एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या, कारण बाईंचं सामान न्यायला त्यांचा गडी यायचा. बाईंच्या भावाची बायको लवकर गेली, तेव्हापासून भाचा बाईंनीच वाढवला. तो आता बोटीवर इंजिनिअर आहे. आणि वहिनींची मुलगी लग्नाची. एवढं फोनवर एकमेकींना सांगून झाल्यावर पुढचं काय व्हायचं ते झालं. पत्रिका जुळली, मुलं भेटली, एकमेकांना आवडली, मुलगा तिला एकदा पावसला नेऊन बाईंना दाखवूनही आला. मुलगा बोटीवर परत गेला. आता राहिला तो बाईंचा शब्द. "माझा एकदा विचार झाला की मीच फोन करत्ये," असं त्या वहिनींना म्हणाल्या होत्या. तोही ऑफिसच्या लँडलाइनवर. मोबाइलवर लग्नाचं बोलू नये, मध्येच 'हॅलो हॅलो' करावं लागतं, असं बाईंचं ठाम मत. मुलीने तर साडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. वहिनी फोनच्या बाजूने जाताना त्याच्याकडे बघून हसायच्या.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी ऑफिसात स्वयंचलित फोन बसवला.

तुम्ही ते ऐकलेलंच आहे. फोन लावला की एक बाई गोड आवाजात अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा असं सांगते. चेअरमन लगेच तयार झाले, कारण घरून ऑफिसला फोन केला तर त्यांनाच लाइन मिळत नसे. कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्याकडे तयार आवाज आहे, तो लावून देतो. तो आवाज मी ऐकला. ती बाई 'कलम' हा शब्द असा उच्चारत होती की जणू तिने आयुष्यात फक्त पेनच बघितलं आहे. मी म्हटलं, नको. आवाज आपला हवा, आपल्या हेलाचा हवा. ऐकणाऱ्याला घरचं वाटलं पाहिजे. तंत्रज्ञान आणि माती यांचा संगम वगैरे मी चेअरमनांसमोर बरंच बोललो, ते आता आठवलं की कान गरम होतात.

वहिनींचा आवाज आम्ही गोदामात रेकॉर्ड केला. खताच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, हा माझा शोध. वहिनी आधी लाजल्या, मग पदर सावरून उभ्या राहिल्या आणि "नमस्कार" म्हणून थांबल्या.

"पुढे बोला ना," मी म्हटलं.

"समोरचं कुणी काही बोललंच नाही. पुढे कशी जाऊ?"

सातआठ वेळा केलं तरी नमस्कारानंतर त्या थांबायच्याच. शेवटी मी म्हटलं, राहू दे, छान वाटतं ते. एकदा बाहेर कावळा ओरडला, एकदा वहिनींना खताच्या वासाने शिंक आली, आणि एकदा सगळं उत्तम चाललेलं असताना आमचा शिपाई ट्रे घेऊन आत आला आणि म्हणाला, "वहिनी, चहा ठेवलाय." वहिनी म्हणाल्या, "ठेव, आलेच मी." मग आम्ही तिघंही हसलो आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. त्या सगळ्या फाइलींना मी 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरं फायनल' आणि 'खरं फायनल दोन' अशी नावं दिली. मी व्यवस्थित माणूस आहे.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी चेअरमनांनी त्याला हार घातला. औषधांचा फोन गोदामात, कलमांचा रोपवाटिकेत, पेट्यांचा हिशेबनिसांकडे आणि तक्रारीचा माझ्याकडे, अशी मी वाटणी केली होती. वहिनींनी सगळं कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "आणि माझा फोन कितीवर वाजणार?"

वहिनींच्या फोनला मी आकडाच दिला नव्हता. खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नाही. वहिनी म्हणजेच फोन असं इतकी वर्षं डोक्यात बसलेलं, की फोनपासून त्यांना वेगळा फोन लागेल हे ध्यानातच आलं नाही.

"तुम्हाला आता फोनचा त्रासच नाही, वहिनी."

"पण पावसच्या बाईंचा यायचाय."

"त्या दोन दाबतील. त्यांना कलमंच लागतात."

"त्या लग्नाचं बोलणार आहेत हो."

मी जरा विचार केला. "मग चार. माझ्याकडे येईल, मी तुम्हाला देईन."

"लग्नाचं बोलणं तक्रारीत?"

"तात्पुरतं," मी म्हटलं.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात अशी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. माझ्या स्क्रीनवर रोज फोनांचा तक्ता यायचा. रंगीत. त्यात 'निकाली' नावाची हिरवी पट्टी रोज वाढत होती आणि तक्रारी शून्य होत्या. मी त्याची प्रत काढून चेअरमनांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. चेअरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला काच दाखवायचे. "एवढे फोन, आणि एक तक्रार नाही!" मी समोर उभा राहून नम्र दिसायचा प्रयत्न करायचो.

पावसचा फोन काही येईना. वहिनी आपला मुका फोन रोज पुसायच्या. कधी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघायच्या. मी चारवर आलेला प्रत्येक फोन धावत घ्यायचो, पण त्या तीन आठवड्यांत चारवर फक्त दोन फोन आले आणि दोन्ही चुकून आलेले होते. आपण होऊन विचारावं तर मुलीकडच्यांनी किती मागे लागायचं, हा प्रश्न. पत्रिका दिली, मुलगी दाखवली, बाईंनी स्वतः 'मी कळवत्ये' म्हटलं. आता उत्तर त्यांच्याकडून यायला हवं. बोटीवरच्या मुलाला वहिनींच्या मुलीने मेसेज करून विचारलं. तिथेही इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. चार दिवसांनी उत्तर आलं: 'आत्या काही बोलत नाही. विषय काढला की बागेत निघून जाते.'

त्यात गावातही काहीतरी बिनसलं होतं. बाजारात नेहमीच्या कोळणीने वहिनींना बघून तोंड फिरवलं आणि बांगडे दुसऱ्याच बाईला आधी दिले. मालगुंडचे एक बागायतदार, जे ऑफिसात आले की आधी वहिनींच्या टेबलाशी पंधरा मिनिटं बसायचे, ते सरळ पुढे निघून गेले. "एवढा भाव खायची काय गरज होती?" असं कुणीतरी जिन्यात म्हणाल्याचं शिपायाने ऐकलं. वहिनींनी याचा एकच अर्थ लावला. लग्न मोडल्याची बातमी गावात आधी पोचली, आपल्याला शेवटी कळणार. मुलीला त्या काही बोलल्या नाहीत. पण शिक्के मारताना त्यांचा हात थांबायचा, आणि मग त्या कुठल्या कागदावर होतो ते शोधत बसायच्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना तक्ता दाखवून खुलवायचा प्रयत्न केला. "बघा ना वहिनी, कसं सगळं निकाली निघतंय." त्या म्हणाल्या, "हो ना."

गाठ सुटली ती मंडणगडहून आलेल्या एका गृहस्थांमुळे. सकाळच्या पहिल्या बसने निघून ते दुपारी पोचले, घामाघूम, आणि पिशवी खाली न ठेवताच वहिनींसमोर उभे राहिले.

"झाला काय चहा?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "कुठला चहा?"

"आमच्या वाडीत रेंज एकाच कातळावर मिळते. तिथे उन्हात उभा राहून चार दिस फोन करतोय. तुमी नमस्कार म्हणता, मी माझं सांगायला घेतो, तर तुमी मध्येच तोडून एक दाबा, दोन दाबा. दाबायला फोन कानावरनं काढला तर रेंज जाते. आनि त्या शिपायाने चहा आणला की त्याला बरं उत्तर देता! ठेव, आलेच मी. आमाला मात्र नाय."

मी संस्थेचा नंबर स्वतः कधीच लावून बघितला नव्हता. मी तक्ता बघत होतो. मोबाइल काढून नंबर लावला आणि कानाला धरला. "नमस्कार," वहिनी म्हणाल्या. मग ती छान वाटणारी शांतता. "औषधांसाठी एक दाबा. कलमांसाठी दोन दाबा." आणि मग, अगदी स्वच्छ, आमचा शिपाई: "वहिनी, चहा ठेवलाय." "ठेव, आलेच मी. पेट्यांसाठी तीन दाबा." हसायच्या आधी त्यांनी सवयीने तेवढं वाक्य पुरं केलं होतं, तक्रारींचं चार त्यात आलंच नव्हतं, आणि मी 'खरं फायनल दोन'ऐवजी 'खरं फायनल' चढवली होती.

अनोळखी आवाज बोलला की लोकांना कळतं, हे यंत्र आहे. पण वहिनींचा आवाज, नमस्कार म्हणून थांबणाऱ्या, चहा आणणाऱ्याशी बोलणाऱ्या वहिनी, हे यंत्र आहे असं कोण म्हणेल? तिन्हीत्रिकाळ ओळखीचा आवाज. लोक त्या शांततेत आपलं बोलणं सुरू करत होते. तीनदा तेच ऐकवून यंत्र म्हणायचं, "आपला प्रतिसाद मिळाला नाही, धन्यवाद," आणि फोन ठेवून द्यायचं. अशा प्रत्येक फोनला तक्त्यात 'निकाली' म्हणत.

मंडणगडच्या गृहस्थांना वहिनींनी खुर्चीवर बसवलं, आणि मी कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. यंत्र सगळं जपून ठेवत होतं. कुणी आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत होतं. कुणी विचारत होतं, "एक दाबू? का दाबू? तुम्हीच सांगा ना, तुम्हाला तोंड आहे ना?" एक म्हातारे गृहस्थ सगळं ऐकून शांतपणे म्हणाले, "बरं, सावकाश घ्या चहा. मग करा मला." कोळणीचा नवरा पाच मिनिटं आपल्या दोन काजूच्या झाडांबद्दल बोलला आणि शेवटी त्याने जे म्हटलं ते लिहिता येत नाही. आणि त्या सगळ्यांत, वेगवेगळ्या दिवशी, पावसहून आलेले तीन फोन.

पहिल्यात बाई आनंदात होत्या. "अगो, मी पावसची. कशी आहेस? हो, हो, कलमं नकोत गो मला आज. चहा आला काय तुझा? घे, आधी घे. मी थांबत्ये." आणि त्या खरंच थांबल्या. फोन तुटेपर्यंत थांबल्या.

दुसऱ्यात त्या वहिनींना तुम्ही म्हणायला लागल्या होत्या. "काल तुम्ही कामात होतात. आता नातं व्हायचंय, तेव्हा नीटच बोलू या," एवढं म्हणाल्या आणि वहिनींनी त्यांना पेट्यांसाठी तीन दाबायला सांगितलं.

तिसरा फोन मी पुरता ऐकला नाही. अर्ध्यावर हेडफोन काढून ठेवला. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

खोटं कशाला सांगू, ते पुसून टाकायचं माझ्या मनात आलं. एक बटण. कुणाला कळलं नसतं. वहिनींनी बाईंना दोष दिला असता, बाईंनी वहिनींना, आणि मी तक्त्यासहित सुरक्षित राहिलो असतो. बोट बटणापर्यंत गेलं होतं. समोर वहिनी मंडणगडच्या गृहस्थांना आपल्या डब्यातली पोळी वाढत होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली. उठून त्यांच्या टेबलाशी गेलो आणि सगळं सांगितलं.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे त्यांनी केला होता फोन?"

"तीनदा."

त्यांनी लगेच माझा मोबाइल घेऊन पावसला लावला. पलीकडे बाईंनी उचलला. वहिनी "बाई, मी बोलत्ये," एवढंच म्हणाल्या.

"मी चहा घेत्ये," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

शेवटी संध्याकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही पावसला निघालो. वहिनी मागे, त्यांच्या मांडीवर माझ्या लॅपटॉपची पिशवी. भाट्याच्या पुलावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "या लग्नाचं काही वाकडं झालं तर मी तुम्हाला माफ करायची नाही." मी "हो" म्हटलं. "आणि पडवीत तुम्ही जास्त बोलू नका," त्या म्हणाल्या. मी त्यालाही हो म्हटलं.

बाई पडवीतच बसल्या होत्या. उंच, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात. वीस वर्षं ज्यांचा आवाज ऐकला त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडे बघत होत्या, आणि दोघींचाही चेहरा पडलेला. बाईंनी रीत म्हणून पाणी आणून ठेवलं. "या बसा. तुम्हाला वेळ मिळाला म्हणायचा," एवढंच बोलल्या.

जास्त बोलायचं नाही हे विसरून मी बोलायला लागलो. यंत्र कसं चालतं, आवाज कसा साठवतात, फाइल कशी चुकली. बाईंनी मला वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आवाज तिचा होता," त्या म्हणाल्या. "मला काय तिचा आवाज कळत नाही?"

तेव्हा मी त्यांच्याच लँडलाइनवरून संस्थेचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. वहिनींना म्हटलं, तुम्ही गप्प बसा. पडवीत वहिनींचा आवाज आला, "नमस्कार." बाई वहिनींच्या ओठांकडे बघत होत्या. ओठ मिटलेले. औषधं झाली, कलमं झाली, शिपाई आला, चहा ठेवून गेला. वहिनींनी तोंडावर पदर धरला होता.

"हे तू नाहीस?" बाईंनी विचारलं.

"मीच आहे हो. पण तेव्हाची. पोत्यांत उभी होत्ये."

बाईंनी स्पीकर बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी जे बोलल्ये ते तू ऐकलंच नाहीस?"

"एक शब्द नाही. ह्यांनी पण ऐकवलं नाही. आता सांगा ना."

"नाही गो. ते मला एकदाच जमलं. तीन दिवस मनात घोळवून बोलल्ये होत्ये. पुन्हा नाही जमायचं." त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. "त्यात आहे ना ते? मग लाव. मी आत जात्ये." त्या उठल्या, पण माजघराच्या दारापर्यंतच गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मी तिसरा फोन लावला.

"नमस्कार," लॅपटॉपमधल्या वहिनी म्हणाल्या, आणि त्या शांततेत बाईंचा आवाज आला. "मला आज मध्ये तोडू नका. मुलाला तुमची मुलगी पसंत, मलाही पसंत. माझाच प्रश्न आहे."

"औषधांसाठी एक दाबा," लॅपटॉप म्हणाला.

"काय प्रश्न आहे, बाई?" वहिनी पडवीतून मोठ्याने म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाच्या वरून.

"मी त्याची आई नाही. मग मी तिची सासू कशी होऊ? मला येत नाही ते. कुणाची सून मी झाल्ये नाही, तर मला कसं येणार?"

"नका होऊ सासू. तिलाही कुठे सून व्हायला येतं?"

लॅपटॉपमध्ये शिपायाने चहा ठेवला. वहिनींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"तो बोटीवर गेला की सहा महिने घरात मी आणि ती. मला बोलायला कुणीतरी लागतं हो. आधी तो होता लहान, नंतर शाळा होती, मग ह्या फोनवर तुम्ही होतात. ती माझ्याशी बोलेल काय? एवढंच मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही तिची आई."

"बोलेल," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "अहो, झोपेतसुद्धा बोलते ती. तुम्हीच म्हणाल, आता जरा गप्प बस."

"पेट्यांसाठी तीन दाबा," लॅपटॉप म्हणाला. मग काही क्षण त्यात नुसता बाईंचा श्वास. मग, "ठेवत्ये मी. तुम्हाला वेळ नाही असं दिसतंय."

"आहे हो," वहिनी म्हणाल्या. "आहे मला वेळ. बोला."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं होतं. चौकटीशी उभ्या असलेल्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत येऊन वहिनींच्या शेजारची खुर्ची ओढली, आणि त्या बोलायला लागल्या.